मामांनी एकही शब्द बदलला नाही

अन्याय मामांवर झाला. बकरी ईदची सुट्टी संपून काम सुरू झालं त्या पहिल्याच दिवशी, दुपारी, माणसं जेवणाचे डबे धूत होती तेव्हा. जागा: आखातातल्या एका शहराबाहेर अर्धी उभी राहिलेली इमारत. करणारा: आमचा कॅम्पबॉस, म्हणजे कामगारांची वसाहत आणि काम दोन्ही बघणारा मुकादम, आपल्याच देशातला. त्याला साथ देणारे: आपल्याच जालना जिल्ह्यातली माणसं. त्या दिवसापासून मामा तिथल्या तुरुंगात आहेत.

मामांचं नाव मी लिहीत नाही, वकिलाने मनाई केली आहे. देशाचंही लिहीत नाही, आपली पोरं अजून तिथं राबतात. कॅम्पबॉसचं नाव लिहायला हात शिवशिवतो, पण तेही राहू द्या. एवढ्या मजकुराची पत्रकं मी आधीच काढली होती. जालन्याच्या बसस्टँडवर वाटली. लोकांनी त्यात भजी खाल्ली. म्हणून आता सगळा माणूसच सांगतो. माणसात भजी बांधता येत नाहीत.

मामा अंबड तालुक्यातले, अंकुशनगरच्या साखर कारखान्याजवळच्या वस्तीतले. बौद्ध घर. काम सळया बांधायचं, म्हणजे स्लॅब ओतायच्या आधी लोखंडाची जी जाळी तारेने आवळतात ते. सळई जालन्यात तयार होते आणि ती बांधणारा माणूस पोटासाठी समुद्रापलीकडं जातो, याचं कुणालाच काही वाटत नाही. मी मस्तगडचा. आयटीआय करून त्याच कंपनीत सामानाच्या कोठीवर मदतनीस म्हणून गेल्तो. कॅम्प म्हणजे कामगारांची पत्र्याची वसाहत. मी ट्रंक घेऊन खोलीत शिरलो तर खालच्या पलंगावर एक उंच, वाळका माणूस मांडी घालून कांदा चिरत बसला होता, आणि कांद्याशी बोलत होता.

"कुठला?" मान वर न करता विचारलं.

"जालना."

"जालन्यात कुठं?"

"मस्तगड."

"अरबी येती का?"

"न्हाई मामा." वय बघून तोंडातून मामा निघालं. पुढं कळलं की सगळा कॅम्पच त्यांना मामा म्हणतो.

"येती. तुला माहीत न्हाई. दुकानाला काय म्हन्तो?"

"दुकान."

"हिसाबाला? तारखेला? हक कशाला म्हन्तो? खलास झालं म्हन्तो का न्हाई? किताब, जवाब, सवाल, कलम, साबुन. समदी अरबी आहे. अर्धी भाषा तू जालन्यातूनच बांधून आणली. निजाम गेला, शब्द ठेवून गेला. वरची अर्धी आपण जल्दी उरकू."

त्यांची शिकवायची रीत कुठल्याही पुस्तकात बसणार नाही. पुस्तकं आधी नमस्कार शिकवतात, मग आभार, मग आपण कसे आहात. मामा म्हणायचे, तू कसा आहेस हे तिथं कुणी विचारणार नाही, मंग उत्तर कशाला पाठ करतो? त्यांचे पहिले शब्द चार. ला, म्हणजे नाही. मा फहिमत, म्हणजे समजलं नाही. शुवै शुवै, म्हणजे हळूहळू. आणि लेश, म्हणजे का. नव्या माणसाला या चार शब्दांशिवाय पाचवा मिळायचा नाही.

याला कारण होतं. आमच्या कॅम्पात एक रीतच पडलेली होती. कुणीही अरबीत काहीही म्हटलं की आपला माणूस मान हलवून 'ऐवा' म्हणायचा. ऐवा म्हणजे हो. शिवी दिली, ऐवा. उद्या सुट्टी नाही, ऐवा. या कागदावर अंगठा कर, ऐवा. "आपल्या लोकांची मान घरूनच होकाराला तेल लावून आलेली असती," मामा म्हणायचे. "पाटलाला हो, मुकादमाला हो, तलाठ्याला हो. इथं येऊन नवीन काय केलं? तेच हो अरबीत केलं."

चार शब्द पक्के झाले की शुक्रवारची फेरी. शुक्रवारी सुट्टी. कॅम्पच्या फाटकापासून बाजारातल्या रोटीच्या भट्टीपर्यंत मामा नव्या माणसाला चालवत न्यायचे. अट एकच, फाटक ओलांडल्यावर मराठी बंद. तोंडातून मराठी शब्द निघाला की परत फाटकापाशी जायचं आणि पहिल्यापासून चालायचं. जाफराबादचा एक जण होता, त्याला आम्ही जाफराबादकरच म्हणायचो. तो भट्टीच्या दारात पोचून ठेच लागल्यावर "आयो" म्हणाला. मामांनी त्याला तिथून परत फिरवलं.

"मामा, आयो काय मराठी आहे का? ते तर दुखण्याचं आहे."

"दुखणं पण इथलं शिक. इथल्या डाक्टरला मराठीत दुखलेलं कळत न्हाई."

मामा स्वतः बाजार करायचे तो तर बघण्यासारखा. एका दुकानातून एक कांदा. दुसऱ्यातून एक टमाटा. तिसऱ्यातून कोथिंबीर. एका दुकानात सगळं मिळत असताना हा माणूस तासभर उन्हात भटकायचा. "एका जागी समदं घेतलं तर एकदाच बोलायला मिळतंय," म्हणायचे. दुकानदार त्यांना बघून कपाळाला हात लावायचे, पण स्टूल पुढं करायचे. पावशेर सामानासाठी त्यांनी सगळ्यांच्या घरची विचारपूस केलेली असायची. कुणाच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कुणाची सून रुसून गेली, मामांना सगळं माहीत. त्यांच्या स्वतःच्या घरची विचारपूस करायला मात्र आमच्याशिवाय तिथं कुणी नव्हतं.

शब्द घ्यायचा तर त्या वस्तूला हात लावून, हा दुसरा नियम. हात लावल्याशिवाय शब्द अंगात उतरत नाही, असं त्यांचं ठाम मत. म्हणून ते दिवसभर वस्तू चाचपत फिरायचे. लोखंडावर थाप मारून 'हदीद'. दोरीला हात लावून 'हबल'. मी एकदा खोडी काढली.

"मामा, शम्स म्हणजे सूर्य. त्याला कसा हात लावला तुमी?"

"तोच लावतो की मला. रोज लावतो."

अंघोळ करताना 'मी अंग धुतो', जेवताना 'मी जेवतो', पलंगावर पडताना 'मी पडलो', हे सगळं मामा मोठ्यानं अरबीत म्हणायचे. नवीन माणूस घाबरायचा. एकानं मला हळूच विचारलं, याच्या डोक्यावर काही पडलं होतं का? मी ते मामांना सांगितलं. म्हणाले, "दिवसभर कुणी बोलत न्हाई माझ्याशी. मंग मी माझा अरब मीच केला. तो बिचारा चुका पण काढत न्हाई." चुका काढायला फाटकावरचा म्हातारा सुदानी पहारेकरी होता. मामा कामावरून आले की त्याच्याजवळ बसायचे आणि दिवसभराची वाक्यं त्याच्यापुढं ठेवायचे. तो एकेक दुरुस्त करून द्यायचा. बदल्यात मामांनी त्यालाही शिकवलं होतं. आम्ही दमून गाडीतून उतरलो की फाटकावरून तो काळाभोर म्हातारा अस्सल अंबडच्या हेलात विचारायचा, "च्या पेला का?" परदेशात ज्यानं हे ऐकलं नाही त्याला यातलं सुख कळायचं नाही.

मोबाईलवर भाषांतर करणारं ॲप मी त्यांना दाखवलं. बोललं की बाईच्या आवाजात अरबी येते. मामांनी कान देऊन ऐकलं, मान डोलावली. "बाई चांगली बोलती. पण तिला भूक लागत न्हाई, म्हणून तिचं कुणी ऐकत न्हाई." आणि मोबाईल परत दिला.

आता कॅम्पबॉसचं सांगतो. मामा शिकायच्या आधी आमच्या कॅम्पाला तोंड एकच होतं, या माणसाचं. त्याला अरबी यायची, आम्हाला नाही, यावर त्याचं राज्य. आम्ही म्हणायचो छतावरच्या टाकीचं पाणी उकळतं, अंगावर घेववत नाही. तो साहेबाला सांगायचा, पोरं म्हणतात सगळं उत्तम आहे. साहेब हसायचा, आम्ही ऐवा म्हणायचो. एकदा तपासणीला माणूस आला तेव्हा हेच चाललं होतं. मागच्या रांगेतून मामा पुढं आले आणि अरबीत म्हणाले, "हे त्यांनी सांगितलं नाही. ते म्हणाले पाणी भाजतं. तुम्ही चला, हात घाला." तो माणूस वर गेला. टाकीला आडोसा झाला. आणि कॅम्पबॉसच्या डोळ्यांत मामा कायमचे खुपायला लागले.

त्यानंतर ज्याला त्याला मामा पाहिजे. बँकेत मामा, दवाखान्यात मामा, पोलीस चौकीत मामा. दुभाष्याचं काम मामा फार कडक करायचे. जाफराबादकराची दाढ काढायला गेल्तो तेव्हाची गोष्ट. दाढ काही निघेना. जाफराबादकरानं कळवळून डॉक्टरच्या सात पिढ्या मराठीत उद्धरल्या. डॉक्टरनं विचारलं, काय म्हणतो? मामांनी शांतपणे सगळ्या पिढ्या अरबीत सांगितल्या. डॉक्टर थांबला. मामांकडं बघितलं. मग हसला, आणखी एक इंजेक्शन दिलं, आणि दाढ सुटली.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मामा, शिवी तरी गाळायची."

"दिली व्हती ना त्यानं?"

"दिली होती, पण..."

"मंग? एक शब्द मी गाळला तर बाकीचे खरे कशावरून मानील तो? तोंड त्याचं, जीभ माझी. घर भाड्यानं दिलं ना भाच्या, मंग आतलं सामान मालकानं हलवायचं न्हाई."

मला ते तेव्हा फार भारी वाटलं होतं. आज वाटतं की कुणीतरी या माणसाला एकदा तरी खोटं बोलायला शिकवायला पाहिजे होतं.

तर तो दिवस. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करून घ्यायचं नाही असा त्या देशाचा कायदा आहे. कायदा चांगला आहे. अरबीत लिहिलेला आहे. ईदच्या सुट्टीत स्लॅबचं काम मागं पडलं होतं, म्हणून कॅम्पबॉसनं डबे धुवून व्हायच्या आतच माणसं वर चढवायला सुरुवात केली. जाफराबादकर सगळ्यात आधी चढला आणि थोड्याच वेळात सळयांच्या जाळीवर आडवा झाला. घाम येणं बंद झालं होतं. मामांनी आणि मी त्याला खाली आणलं. मामांनी रुग्णवाहिका बोलावली. मग मला म्हणाले, "तू जा संगं. तुला बोलता येतं."

मी गेलो. रस्ताभर मला एकाच गोष्टीचा अभिमान वाटत होता, की मामांनी मला बोलता येतं असं चारचौघांत म्हटलं. दवाखान्यात मी डॉक्टरला माझ्या तुटक्या अरबीत सांगितलं: ऊन, पडला, पाणी नाही, घाम नाही. त्याला कळलं. बर्फ लावला, सलाईन लावलं. जाफराबादकर वाचला.

तिकडं मामांनी हातमोजे काढून खाली ठेवले आणि म्हणाले, "मी आत्ता चढत न्हाई. ऊन उतरल्यावर चढंन. तुमचं तुमी ठरवा." एवढंच. बाकीचे पण खाली बसले. कॅम्पबॉसनं पोलिसांना फोन लावला: एक माणूस दमदाटी करून काम बंद पाडतो आहे.

यापुढचं मी बघितलं नाही. जे तिथं होते त्यांच्याकडून तुकड्या-तुकड्यानं ऐकलं, आणि सुदानी म्हाताऱ्याकडून, जो तेव्हा पाण्याचे कॅन घेऊन तिथं आला होता. बाकी तपशिलात फरक पडतो. पुढच्या गोष्टीत पडत नाही.

पोलीस अधिकारी आला. त्यानं विचारलं, यांची भाषा कुणाला येते? कॅम्पबॉस पुढं झाला. अधिकारी म्हणाला, तू तक्रार करणारा, तू नको. दुसरं कोण आहे? सगळ्यांनी मामांकडं बघितलं. दुसरं कुणी नव्हतंच. अधिकारी म्हणाला, ठीक आहे, तूच विचार.

म्हणजे मामांवर आरोप, आणि साक्षीदारांना प्रश्न मामांनीच विचारायचे.

मामा सगळ्यांपुढं उभे राहिले. मराठीत म्हणाले, "साहेब विचारून राह्यलेत, मी तुमाला धमकी दिली का. काम बंद करा म्हणून मी तुमच्यावर जोर केला का. नीट ऐका अन् मंग बोला. घाई न्हाई." अधिकाऱ्याच्या पाठीमागं कॅम्पबॉस उभा होता. तो हिंदीत म्हणाला, ज्याला घरी जायचं आहे त्यानं विचार करून बोलावं. सगळ्यांचे पासपोर्ट त्याच्या कपाटात होते, हे सगळ्यांना माहीत होतं.

पहिला म्हणाला, "हो."

मामा अधिकाऱ्याकडं वळले आणि अरबीत म्हणाले, "तो म्हणतो, हो."

दुसरा म्हणाला, हो. मामा म्हणाले, तो म्हणतो, हो.

असं एकेक करून सगळे. एका पोराचा आवाजच निघेना. मामा त्याला म्हणाले, "बोल लेका, भिऊ नको." तो खाली बघत म्हणाला, "हो मामा." मामांनी तेही सांगितलं, 'मामा'चंही अरबी करून. "तो म्हणतो, हो, मामा."

अधिकाऱ्यानं विचारलं, हा तुझा भाचा आहे?

मामा म्हणाले, "नाही. ते सगळेच मला मामा म्हणतात."

सुदानी म्हातारा मला हे सांगत होता तेव्हा फाटकाच्या जाळीला धरून रडत होता. म्हणाला, मी त्याचं व्याकरण दुरुस्त करत बसलो. त्या दिवशी त्याच्या एकाही वाक्यात चूक नव्हती.

मला मामांचा राग येतो. खरंच येतो. एक 'ला' म्हणायचं होतं. पण मी कितीही भांडलो तरी त्यांचं म्हणणं मला मोडता येत नाही. कॅम्पबॉसला अरबी येत होती, तो शेजारी उभा होता. मामांनी एका 'हो'चं 'नाही' केलं असतं तर त्यानं तिथंच पकडलं असतं. मग टाकीचं पाणी खोटं, ऊन खोटं, जाफराबादकर पडला तेही खोटं. मामांनी त्या अधिकाऱ्याला आधी उन्हाचं सगळं सांगितलेलं होतं आणि त्यानं ते लिहून घेतलं होतं. त्यातला एक शब्दही पडू द्यायचा नव्हता. तो अहवाल टिकला. त्या इमारतीवर पुढं कुणाला दुपारी चढवलं नाही. फायदा झाला तो हो म्हणणाऱ्यांनाच.

मामा आत गेले. आरोप: कामगारांना धमकावून काम बंद पाडलं. साक्षीदार: त्यांचेच सहकारी. करार संपले तसे आम्ही एकेक परत आलो. मी जालन्यात कामगारांच्या संघटनेत काम करायला लागलो, ते याच कारणासाठी. मामा आहेत त्या देशातला एक वकील फुकट लढायला तयार झाला. त्यानं कळवलं, त्या दिवशी जे बोलले त्यांची खरी साक्ष शपथेवर लिहून आली तर प्रकरण पुन्हा उघडेल. जाफराबादकर त्याच दिवशी जीपनं जालन्याला आला. किडन्या अधू झाल्यात, दोन जिने चढला की बसतो. म्हणाला, माझा अंगठा घे, सही घे, काय लागंल ते घे. वकिलानं वाचलं आणि विचारलं, तू तर बेशुद्ध होतास, तू काय बघितलं? मग मी माझं लिहून पाठवलं. वकील म्हणाला, तू दवाखान्यात होतास.

ज्यांना बोलायचं आहे त्यांनी बघितलं नाही. ज्यांनी बघितलं ते बोलत नाहीत.

मी प्रत्येकाच्या घरी गेलो. एक जण जाफराबादच्या बाजारात मोबाईलची कव्हरं विकतो. तो म्हणाला, "आमी कुठं खोटं बोललो? आमी फक्त हो म्हन्लो."

"हे खोटं नव्हतं?"

"सगळे म्हन्ले मंग मी पण म्हन्लो. तू तिथं न्हवता, तुला काय माहीत."

दुसऱ्याला पुन्हा तिकडं जायचं आहे. त्याचा एजंट कॅम्पबॉसचा ओळखीचा. "माझं नाव कागदावर आलं तर व्हिसा निघंल का माझा? तू भरून देशील का ते?" तिसऱ्याच्या बायकोनं मला चहा दिला, आणि मी पीत असताना तो मागच्या दारानं निघून गेला. चौथ्याच्या बापानं मला बाजूला घेऊन समजावलं. "हे बघ, ते त्यांच्यातले. आपली पोरं कशाला अडकवायची त्यात? अन् हे असं लिहू नको, गावात वाद नको."

मी लिहितो. याच माणसाचा पोरगा मामांच्या हातचं पिठलं खाऊन तिथं दोन वर्षं जगला. जयंतीला मामा खीर करायचे तेव्हा पातेलं खरवडायला हाच पुढं. विमानातून उतरेपर्यंत सगळे मामांचे भाचे होते. गावच्या एसटीत बसल्यावर आडनावं आठवली.

मामींकडं मी महिन्यातून एकदा जातो. अंकुशनगरच्या त्या वस्तीत पत्र्याचं घर, पुढं निंबाचं झाड. कधीतरी तुरुंगातून फोन येतो, थोडा वेळ बोलू देतात. मागच्या वेळी मी तिथं होतो. मामांचा आवाज तोच, पण बोलणं अडखळत होतं. तिथं मराठी बोलायला कुणी नाही. मधे-मधे अरबी शब्द येत होते, मग थांबायचे, मग मराठी शोधायचे. मामींना विचारत होते, "ते कशाला म्हन्तो गं आपण, लाकडाचं, तू पीठ मळती त्यात, भाकरी थापती..."

"काठवट," मामी म्हणाल्या.

"हां, काठवट. काठवट."

फोन कटला. मामींनी तो खाली ठेवला. मग म्हणाल्या, "काठवट इसरला बघ. उद्या मला इसरंल."

मी काहीतरी बोललो, मनाला लावून घेऊ नका वगैरे. त्यांनी ऐकलं नाही. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मला शिकीव ती भाषा. मी तिकडच्या तुरुंगाच्या हापिसात फोन लावते, तर ते लोक काहीतरी म्हन्तेत अन् ठिवून देतेत. मला बोलायचंय त्यांच्याशी."

मी शिकवायला बसलो. मला एकच रीत माहीत. पीठ दाखवलं, हात लावायला सांगितलं, 'तहीन'. पाणी, 'मोय'. मग म्हणालो, मामी, पहिला शब्द 'ला', म्हणजे नाही. त्यांनी तो म्हणायला साफ नकार दिला.

"मी कशाला नाही म्हणू त्यांना? माझं तर मागणंच आहे. मागायला काय म्हन्तेत ते आधी सांग."

मी सांगितलं, 'अबी'. म्हणजे मला पाहिजे. मामींनी तो शब्द चारदा म्हटला. मग विचारलं, नवऱ्याला काय म्हणतात? मी सांगितलं, 'जौजी'. तो शब्द घ्यायच्या आधी त्यांनी इकडं-तिकडं बघितलं. वस्तूला हात लावून शब्द घ्यायची मामांची रीत त्यांना माहीत होती, आणि या शब्दासाठी हात लावायला घरात कुणीच नव्हतं. शेवटी नुसताच म्हटला.

आता सकाळी भाकरी करताना त्या वाक्य घोकतात. उच्चार कच्चा आहे. तिकडचा कारकून ते ऐकून घेईल की पुन्हा ठेवून देईल, मला माहीत नाही. साठीला टेकलेली बाई एका वाक्यासाठी परकी भाषा शिकते आहे, आणि ज्यांनी फक्त मराठीत खरं बोलायचं आहे ते मागच्या दारानं पळत आहेत. मामा आत गेल्यापासून हा तिसरा उन्हाळा आहे.

तुम्ही जर त्या दिवशी तिथं होतात, तर तुम्हाला कळलंच असेल की हे तुम्हाला लिहिलं आहे. भीती मला समजते. कॅम्पबॉस पाठीमागं उभा होता, पासपोर्ट त्याच्याकडं होता. आता तुम्ही घरी आहात. पासपोर्ट तुमच्या ट्रंकेत आहे.

आणि तुम्ही तिथं नव्हतात, तर तुम्हालाही सुट्टी नाही. तुमच्या गल्लीत, तुमच्या भावकीत, तुमच्या चहाच्या टपरीवर आखातातून परत आलेला कुणीतरी आहे. आज त्याच्या घरी जा. तू मामांबरोबर त्या इमारतीवर होतास का, एवढं विचारा. होतो म्हणाला तर त्याला तुमच्या गाडीवर बसवा आणि जालन्याला कोर्टासमोर नोटरीच्या टेबलापाशी घेऊन या. सोमवार ते शुक्रवार मी तिथंच असतो. मामांनी कुणाला धमकी दिली नाही, हे त्याला मराठीत सांगायला लावा, आणि तो सही करेपर्यंत त्याच्या शेजारून हलू नका.